तन्मणीचे जुने खोड मोडावे, की तसेच गळ्यात घालावे?

सोलापूरच्याच एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचे लग्न ठरले आहे. नवे सोने न घेता जुने रत्नजडित पदक घ्यावे, कारण ते पर्यावरणाच्या दृष्टीने अधिक चांगले, असा मुलीचा आग्रह असून एका विक्रेत्याकडचे माणकाचे पदक तिच्या मनात भरले आहे. घरात आजेसासूबाईंच्या तन्मणीचे खोड, म्हणजे मोत्यांच्या सरांच्या त्या हारातले मधले रत्नजडित पदक, पडून आहे. ते मोडून आजच्या घाटाचे नवे पदक करावे, असे नेहमीच्या सराफांनी सुचवले आहे. जुना दागिना खरोखर पर्यावरणपूरक असतो का, आणि या व्यवहारात आपले पैसे बुडणार नाहीत ना, असे त्यांनी विचारले आहे.

मी आपल्या सराफ बाजारात जुन्या दागिन्यांची पारख, दुरुस्ती आणि जडावकाम करतो. नवे दागिने विकणे हा माझा व्यवसाय नाही, त्यामुळे माझा कल कोणीकडे असणार हे उघड आहे. वाचणाऱ्याने तेवढे वजा करूनच माझे म्हणणे घ्यावे.

माझ्या मते इथे खरा प्रश्न पदकाच्या वयाचा नाही. घरात आलेला किंवा घरात असलेला दागिना पुढची खरेदी टाळतो की नाही, हा तो प्रश्न आहे. जुने पदक विकत घेऊन वर्षभरात त्याचा कंटाळा आला आणि ते मोडीत गेले, तर पर्यावरणाचे काहीही भले झाले नाही. उलट वीस वर्षांपूर्वीचे, ज्याला कोणी जुने म्हणणार नाही असे पदक मुलीने आणखी तीस वर्षे घातले, तर तेवढ्या काळात होणारी एक-दोन नवी घडणावळ आणि तिच्यासाठी लागणारे सोने वाचले. बाकीचे उत्तर बहुतांशी परिस्थितीवर अवलंबून आहे: खोडाची अवस्था कशी आहे, मुलगी ते प्रत्यक्षात घालणार आहे का, आणि ज्या माणकाच्या पदकावर तिचे मन बसले आहे ते मुळात काय आहे.

आधी सोन्याविषयी बोलू, कारण पर्यावरणाचा मोठा भार खड्यांपेक्षा सोन्यातच असतो. जगभरातील खाणींतून दरवर्षी साडेतीन हजार टनांहून अधिक सोने निघते, आणि बाजारात येणाऱ्या एकूण सोन्यापैकी साधारण चौथा हिस्सा जुन्या मोडीतून येतो. एक टन दगड फोडल्यावर हाती लागणारे सोने काही ग्रॅम असते, आणि उघड्या खाणींत तर ते अनेकदा एक-दोन ग्रॅमच असते. म्हणजे एका तोळ्यासाठी कित्येक टन दगड फोडून, दळून, सायनाइडच्या पाण्यात धुवावा लागतो. हे फार दूरचे चित्र नाही. सोलापूरहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे ज्या रायचूरवरून जाते, त्याच जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण दळलेल्या दगडाचे सायनाइडयुक्त ढिगारे वस्तीलगत अजून उभे आहेत. जगातील छोट्या, हाताने चालणाऱ्या खाणींत सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात, आणि मानवी उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक पारा एकट्या या कामातून जातो. पाऱ्याला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात या खाणकामाची स्वतंत्र दखल घ्यावी लागली, ती यासाठीच.

यावर सराफ म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, की मोड घालून नवा दागिना केला तरी खाणीतून काही काढावे लागत नाही. सोने वितळवले म्हणून नष्ट होत नाही. आपल्या बाजारात गलाईचे काम करणारी मंडळी, ज्यांच्यातील बरीच सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून आलेली असतात, हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मोडीत चांदी मिसळून, ती तेजाबात उकळून, चांदी-तांबे विरघळवून चोख सोने खाली उरवायचे, अशी ती पद्धत आहे. त्यात निघणारा पिवळा-तांबूस धूर कारागिराच्या छातीत जातो ही गोष्ट वेगळी. तरीही खाणकामाच्या तुलनेत हा भार फार लहान आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. निव्वळ धातूचा हिशेब केला तर मोडणे आणि न मोडणे यांत लोकांना वाटते तेवढे अंतर नाही.

अंतर पडते ते व्यवहारात. उदाहरणादाखल आकडे घेतो. खोडाचे एकूण वजन बावीस ग्रॅम भरले असे समजा. त्यातून खडे, मोती आणि आतली लाख वजा केली की सोने दहा ग्रॅमच्या आसपास उरेल. त्यात झाळ, म्हणजे जोड देण्याचा हलक्या कसाचा धातू, मिसळलेली असल्याने कस उतरेल आणि घट धरली जाईल. मग सराफ सांगतील की एवढ्यात भरीव पदक होत नाही, आणखी सहा-सात ग्रॅम घाला, आणि नव्या पदकाला जुनी साखळी शोभत नाही, तीही बदला. मोड घेऊन आलेले गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा हलका दागिना घेऊन परत गेले, असे मी क्वचितच पाहिले आहे. म्हणजे दहा ग्रॅमच्या मोडीच्या निमित्ताने तेवढेच किंवा त्याहून अधिक नवे सोने घरात येते, शिवाय मजुरी वेगळी. खोडाला पूर्वी दिलेली मजुरी तर मोडताना शून्य होते. खडे कागदाच्या पुडीत परत मिळतात आणि ती पुडी कपाटात पडून राहते, कारण तन्मणीच्या खोडातील बारीक माणके आणि न कापलेले चपटे हिरे त्याच कोंदणासाठी घासलेले असतात. आजच्या साचेबंद घाटात ते बसत नाहीत आणि सुटे विकायला गेल्यास त्यांना भाव येत नाही. कुंदनकामात खड्याच्या कडेने चोख सोन्याचा पातळ पत्रा दाबत दाबत बसवतात, खड्याखाली चमक येण्यासाठी वर्ख असतो आणि पोकळी लाखेने भरलेली असते. हे सगळे एकत्र असते तोवर त्याला किंमत असते. सुटे केल्यावर फक्त सोन्याची किंमत उरते.

मुलीच्या म्हणण्यात पदकाची निवड मला विशेष योग्य वाटली, आणि त्याचे कारण माझ्या कामाच्या मेजावर रोज दिसते. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या अंगठ्यांचे खडे घासलेले आणि पकडी झिजलेल्या असतात, बांगड्या पातळ झालेल्या असतात, कानातल्यांच्या दांड्या तुटलेल्या असतात. पदक मात्र गळ्यात लोंबत असते. ते दाराच्या कडीला, भांड्याला, ओट्याला आपटत नाही. धुळीतील वाळूचे कण गारगोटीच्या जातीचे, म्हणजे कठिणतेच्या मोजपट्टीवर सात अंकाचे असतात. माणिक आणि नीलम नऊ अंकांचे असल्याने धुळीला दाद देत नाहीत. पाचू साडेसात-आठच्या दरम्यान आहे. पण पोवळे आणि मोती तीन-चारच्या घरातले, त्यामुळे ते अंगठीत लवकर मरतात आणि पदकात टिकतात. शिवाय पदकाला मापाचा प्रश्न नसतो. आजीच्या बोटातली अंगठी नातीला होतेच असे नाही, पण आजीचे पदक कोणत्याही साखळीत, मोत्यांच्या सरात किंवा साध्या रेशमी गोफातही ओवता येते. झिजते ती वरची कडी. ती बदलणे हे लहानसे काम आहे आणि त्यासाठी पदकाला हात लावावा लागत नाही.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांविषयी अनेकजण विचारतात, म्हणून दोन वाक्ये. त्यांच्यासाठी खाण खोदावी लागत नाही हे खरे, पण ते घडवायला प्रचंड दाब किंवा अतितप्त वायू आणि दोन्हींसाठी सतत वीज लागते, आणि आपल्या देशातील बहुतांश वीज अजून कोळशावर होते. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या पाहणाऱ्या सोलापूरकरांना ते वेगळे सांगायला नको. वीज कुठली वापरली हे जो विक्रेता सांगू शकत नाही, त्याच्या पर्यावरणपूरक असल्याच्या दाव्याला मी फारसे महत्त्व देत नाही.

आता त्या माणकाच्या पदकाकडे वळतो, कारण पैसे बुडण्याची शक्यता तिथे आहे. जुना दागिना म्हणजे नैसर्गिक खडा, हा समज सर्वांत महागात पडतो. ऑग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक तयार करण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर काही वर्षांतच कृत्रिम माणके मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या अस्सल जुन्या पदकातही कारखान्यातले माणिक असू शकते, आणि त्यात फसवणूकच असेल असे नाही. त्या काळी ते नवलाचे म्हणून हौसेने घेतले जात असे. दहापट भिंगाखाली अशा माणकात वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक माणकातील रेषा सरळ आणि कोनात मिळणाऱ्या असतात. त्याहूनही जुनी युक्ती म्हणजे काचेवर ताम्रमण्याचा (गार्नेटचा) पातळ थर चिकटवलेला खडा. असा खडा सुटा असेल तर पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून पाहावा. खडा लाल सोडून दुसऱ्या रंगाचा असेल तर कडेने लाल वर्तुळ दिसते; लाल खड्यात ते ओळखू येत नाही. कोंदणात बंद असलेल्या खड्यावर मात्र ही परीक्षा चालत नाही. आणि लाल दिसणारा प्रत्येक मोठा खडा माणिकच असतो असेही नाही. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून प्रसिद्ध असलेला खडा प्रत्यक्षात स्पिनेल नावाचे वेगळेच रत्न आहे. राजघराण्याची जिथे अशी गत, तिथे आपण जपून असलेले बरे.

मोत्यांचेही तसेच आहे. शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेले, म्हणजे संवर्धित, गोल मोती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बाजारात आले, त्यामुळे ‘बसऱ्याचे मोती’, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती, म्हणून दाखवले जाणारे सर एक्स-रे तपासणीशिवाय तसे मानू नयेत.

दुसरी खबरदारी ‘अँटिक’ या पाटीविषयी. आपल्या दुकानांत ज्याला अँटिक म्हणतात त्यातील बहुतेक माल गेल्या वर्षी घडवलेला असतो. त्यावर काळपट झाक देऊन तो जुना भासवलेला असतो. घाट म्हणून त्यात काही वावगे नाही, पण पर्यावरणाच्या दृष्टीने तो नवा दागिनाच आहे. खरा जुना दागिना मागच्या बाजूने ओळखावा. कडीचा आतला भाग साखळीच्या घर्षणाने झिजून एका बाजूला खोलगट झालेला असतो, कडांची धार मोडलेली असते, आणि दुरुस्तीच्या झाळीचे रंग एकसारखे नसतात. काळपटपणा फक्त खोबणीत, अगदी समान भरलेला दिसला, तर तो बहुधा रसायनाने आणलेला असतो.

खरोखर शंभर वर्षांपुढचा दागिना असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. मुलगी लग्नानंतर परदेशी जाणार असेल तर हे आधीच लक्षात घ्यावे. पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळवण्याची सोय आहे. त्याच १९७२ साली झालेला दुसरा कायदा वन्यजीव संरक्षणाचा. आपल्याकडे जुन्या घरांत लहान मुलांच्या गळ्यात घालायची, सोन्यात मढवलेली वाघनखे सापडतात, आणि हल्ली जुन्या पदकांबरोबर तीही कोणी कोणी दाखवतो. ती विकत घेणे हा गुन्हा आहे. २०२३ मध्ये शेजारच्या कर्नाटकात वाघनखाचे पदक गळ्यात घातल्यावरून अटक झाल्याचे प्रकरण बरेच गाजले होते. हस्तिदंताच्या पदकांनाही दुरूनच नमस्कार करावा.

जुन्या पदकांची मागणी वाढल्याचा एक दुष्परिणामही सांगितला पाहिजे, कारण तो या प्रश्नाच्या मुळाशी जातो. विक्रेते पूर्ण हार किंवा बाजूबंद घेतात, त्याचे मधले आणि बाजूचे भाग सुटे करतात, प्रत्येकाला नवी कडी झाळतात आणि तीन-चार पदके म्हणून विकतात, कारण अखंड हाराला गिऱ्हाईक नसते आणि पदकाला लगेच मिळते. अशा वेळी जुने जपल्याच्या समाधानात आपण जुने मोडायला पैसे पुरवत असतो. पदकाच्या दोन्ही कडांना पूर्वीच्या कड्यांच्या कापलेल्या खुणा दिसतात का आणि वरची कडी बाकीच्या कामाहून नवी आहे का, हे पाहावे. तसे आढळल्यास मी ते घेण्याचा सल्ला देत नाही, मग खडे कितीही चांगले असोत.

म्हणजे इथवर दोन गोष्टी ठरल्या: घरातील खोड मोडण्यात पर्यावरणाचा किंवा पैशाचा फायदा नाही, आणि बाहेरचे जुने पदक घेण्यात फायदा असू शकतो, पण तो तपासणीवर अवलंबून आहे.

तपासणीत एक बारकावा आहे. हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले असले, तरी कुंदन, पोलकी (न कापलेल्या हिऱ्यांचे) आणि जडावाचे दागिने त्या सक्तीतून वगळलेले आहेत. त्यामुळे पदकावर हॉलमार्क नाही म्हणजे ते खोटे, असे होत नाही आणि त्याच कारणाने ग्राहकाला आयते संरक्षणही मिळत नाही. सराफाकडच्या क्ष-किरण यंत्रात पदक ठेवून कस काढून घेतला, तरी ते यंत्र फक्त पृष्ठभाग वाचते. कुंदनकामात वर चोख सोन्याचा पत्रा असतो आणि खालचे घर कमी कसाचे असू शकते. यंत्र वरचाच आकडा दाखवते. म्हणून मी नेहमी मागच्या बाजूला, कडीवर आणि कडेला अशा निरनिराळ्या ठिकाणी टंच, म्हणजे कसाचा आकडा, घ्यायला सांगतो आणि त्यातील सर्वांत कमी आकडा धरून भाव करतो. खड्यांसाठी मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. बंद कोंदणातील खड्याविषयी प्रयोगशाळाही मर्यादितच सांगू शकते, हे मात्र समजून घ्यावे. खडा काढून तपासण्याचा आग्रह धरल्यास कुंदन उसवते आणि ज्यासाठी पैसे देत आहोत तेच बिघडते. अहवालाशिवाय ‘बर्माचे माणिक’ किंवा ‘गोवळकोंड्याचा हिरा’ यांसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.

आता खोडाविषयी. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या मंदिरात, विठ्ठल-रखुमाईला सणावाराला परंपरागत रत्नजडित अलंकार चढतात. असे दागिने पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहतात ते वेळोवेळी गाठवून आणि किरकोळ दुरुस्त्या करून. घरच्या तन्मणीलाही तेच लागते. सर जुने झाले असतील तर पटवेकऱ्याकडून मोती नव्या रेशमात गाठवून घ्यावेत. सराशिवाय खोड घालायचे असेल, तर मागच्या अडकवण्यांना न कापता, त्यांत बसणारी काढता येण्याजोगी कडी करून घ्यावी, म्हणजे मुलीला ते साध्या साखळीत रोज घालता येईल आणि हवे तेव्हा पुन्हा तन्मणीत बसवता येईल. एखादा खडा पडला असेल तर तेवढाच बसवावा. रंग अगदी जुळला नाही तरी चालतो. खड्याखालचा वर्ख काळवंडला असेल तर तेवढे कोंदण उघडून वर्ख बदलता येतो, पण हे काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि नुसत्या झाळकाम करणाऱ्याकडे ते कधीही देऊ नये, कारण बत्तीची आंच लागताच आतली लाख वितळते आणि खडे हलतात.

सोलापूरच्या हवेसाठी काही सूचना वेगळ्या कराव्या लागतात. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उष्म्यात लाख मऊ होते, म्हणून असे खोड उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेले असते. ते उष्णतेने आणि दुकानातील ध्वनिलहरींच्या धुण्याच्या यंत्राने निघून जाते आणि खडा एकाएकी भेगाळ दिसू लागतो. मोती प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात ठेवावेत आणि घातल्यानंतर घाम पुसून मगच आत टाकावेत. रिठ्याच्या पाण्याचा घरगुती उपाय भरीव सोन्याला चालतो; मागून बंद असलेल्या खोडाला पाणीच लावू नये, कारण ते आत शिरले की वर्ख काळा पडतो. ओलसर फडक्याने वरवर पुसणे पुरेसे आहे.

मुलीला खोड आवडलेच नाही, तर तो निर्णयही मान्य करावा. न घातला जाणारा दागिना लॉकरमध्ये ठेवून कोणाचेच भले होत नाही. अशा वेळी ते मोडण्याऐवजी नात्यातील जी घालेल तिला द्यावे किंवा जडावाचे मोल जाणणाऱ्याला अखंड विकावे, आणि बाहेरचे पदक घ्यावे. ते घेताना पावतीवर एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, सर्वांत कमी आलेला कस, खड्यांची नावे आणि ते नैसर्गिक की कृत्रिम, पूर्वीच्या दुरुस्त्या, आणि तपासणीत वेगळे निघाल्यास परत घेण्याची मुदत हे सर्व लिहून मागावे. कृत्रिम माणिक असे स्पष्ट लिहिलेले पदक योग्य भावात मिळत असेल तर ते घेण्यात मला गैर वाटत नाही. कोणताही खडा पुन्हा घडवावा किंवा खणावा लागलेला नाही. लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर असेल, तर खोड गणपतीच्या सुमारासच पारख करून पटवेकऱ्याकडे टाकावे. दसरा-दिवाळीत त्यांच्याकडे मंगळसूत्रांचीच इतकी रांग असते की जुन्या कामाला कोणी घाईत हात लावत नाही, आणि लावला तर ते काम नीट होत नाही.